मास्तरांच्या यादीतल्या दोन चांदण्या

माझ्या नावापुढे दोन चांदण्या होत्या. पाचांपैकी दोन. त्या कुणी काढल्या, का काढल्या आणि पुढे त्यांचं काय झालं, हे मी आजवर नीट कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला लागलो की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा म्हणणार, बघा, दोन चांदण्यांचा माणूस कुठल्या कुठे पोचला. मी कुठल्या कुठे पोचलो नाही. अंबरनाथला आलो आणि अंबरनाथलाच राहिलो. मला फक्त त्या चांदण्यांचं कुतूहल आहे. तेव्हाही होतं. नोकरी जाते की राहते ह्याची भीती होती, तेव्हासुद्धा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या कंपनीत रबरी पट्टे बनायचे. आमच्या म्हणतो, पण तेव्हा ती माझी व्हायची होती. कंपनीचा कबड्डीचा संघ होता. त्या काळी कल्याणच्या पुढच्या बऱ्याच कारखान्यांचे असे संघ असायचे. खेळाडू म्हणून पोरगा घ्यायचा, दिवसा मशीनवर उभा करायचा, संध्याकाळी मैदानात उतरवायचा. संघ सांभाळायचे मास्तर. नोकरी त्यांची स्टोअरमध्ये होती, पण सगळी कंपनी त्यांना मास्तरच म्हणायची. तरुणपणी एका पकडीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली आणि वाकडीच जुळली. त्या हातानं त्यांना नट-बोल्ट मोजता यायचे, लिहिता मात्र धड यायचं नाही.

दर वर्षी दिवाळी झाली की निवड चाचणी. मैदानावर फक्की मारलेली, माती भिजवून दाबलेली. उल्हासनगर, बदलापूर, वांगणी, कुठून कुठून पोरं यायची. प्रत्येकाला तीन चढाया. मास्तर लोखंडी खुर्चीवर बसून बघायचे आणि शाळेत पेपर तपासायला असते तसल्या लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकानं, डाव्या हातानं, नावापुढे चांदण्या काढायचे. एक म्हणजे घरी जा. पाच म्हणजे हा हातचा जाऊ देऊ नका. दोन किंवा जास्त मिळाल्या की हंगामापुरती टेम्पररी नोकरी. पण हंगाम संपला की तीच यादी वेलफेअरच्या साहेबांकडे जायची, आणि साहेबांचा नियम सरळ होता. तीन आणि वर, पुढे चालू, कायम व्हायला नाव जाणार. दोन, तर ब्रेक, आणि परत बोलावणं नाही.

मी आलो होतो वऱ्हाडातून. आठवीत शाळा सोडली आणि गावच्या लोकांच्या बकऱ्या चारायला लागलो. इथे अंबरनाथला, बुवापाड्यात, माझी आत्या राहायची. तिच्या एका खोलीत आधीच पाच माणसं, मी सहावा. इकडे येताना बापानं बकऱ्या दुसऱ्या एका पोराच्या हवाली केल्या होत्या आणि तो पोरगा माझ्यापेक्षा चांगल्या चारत होता, असं बापानंच पत्रात कुणाकडून तरी लिहवून कळवलं होतं. म्हणजे परत जायला गाव होतं, पण गावात मला काम नव्हतं. शाळेचा दाखला नाही, कसलं सर्टिफिकेट नाही. ह्या मुलखात मी कोण, हे सांगणारा एकच कागद होता, तो म्हणजे मास्तरांची यादी. तिच्यात माझी एक ओळ.

चाचणीचा दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. रांगेत माझ्यापुढे कुळगावचा एक पोरगा होता. आगरी घरातला, उंच, खांदे असे की बनियन ताणलेलं. गळ्यात सोन्याची चेन. त्याचा नंबर आला तशी त्यानं ती काढून सरळ माझ्या हातात दिली.

"धर रं. तुजा चेहरा बगून वाटतं, तू पलून जानार नाय."

मी म्हणालो, "पयाले जागाच कुठं हाय मले."

तो एवढ्या मोठ्यानं हसला की मास्तरांनी मान वर करून बघितलं. "अरे, ह्यो कुठला? मले? तुले?" रांगेतल्या पोरांनी लगेच ते उचललं. मले-तुले, मले-तुले. पुढे वर्षभर मला तीच हाक होती. वाईट वाटायचं नाही. हाक मारताहेत म्हणजे आपण इथे आहोत, एवढं तरी नक्की.

कुळगावच्यानं तीन चढायांत सात गडी टिपले. तिसऱ्या चढाईला तर तिघं अंगावर असताना तो त्यांना ओढत मधल्या रेषेपर्यंत आला. मास्तरांनी पाच चांदण्या काढल्या. त्या काढताना त्यांचा हात अडखळला नाही, हे मी लांबूनही पाहिलं.

माझ्या पहिल्या चढाईत मध्येच दम तुटला. दुसरीत कुणाला हात लावायचं सुचलंच नाही. तिसरीत पकडलो गेलो. मग बचावाला एक माणूस कमी पडत होता म्हणून मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं. कोपरा म्हणजे बचावाच्या फळीचं टोक. आत आलेला चढाईवाला तिथल्या माणसाकडे अर्धी पाठ करून वळतो. तिथे मी एक घोटा धरला आणि सोडला नाही. चांगला धरला होता. चढाईवाला तोंडावर आपटला. पण मास्तर त्या वेळी पेन्सिलीला टोक करत होते.

दोन चांदण्या.

हे धरणं मी कुठे शिकलो नव्हतो. बकरी पळायच्या आधी एका पायावरचा भार काढते. कुठल्या, ते मागून बघितलं की कळतं, आणि तो पाय उचलायच्या आत धरायचा असतो. माणसाचंही तसंच असतं, फक्त माणूस आधी तोंडानं फसवतो. म्हणून मी तोंडाकडे बघायचोच नाही. टाचेकडे बघायचो.

यादीशी माझा संबंध आला तो अक्षरामुळे. चाचणी झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "कुणाचं अक्षर बरं आहे रे? स्वच्छ प्रत काढायची आहे." बारावी झालेले दोघं चपला शोधायला लागले. मी हात वर केला. आठवीपर्यंतच्या शाळेनं मला दुसरं काही दिलं नसेल, पण आमच्या गुरुजींनी छडीनं अक्षर मात्र वळवून घेतलं होतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ओळीकडे. "तू? बरं. ये स्टोअरमध्ये."

तिथे पहिल्यांदा सगळी यादी एका जागी पाहिली. नाव, गाव, उंची, वजन आणि चांदण्या. एक-एक चांदणीवाले खूप होते, त्यांची नावं नुसती वाचून सोडून द्यायची. पाचवाला एक. चारवाले दोघे. तीन आणि दोनवाले म्हणजे निम्म्याहून जास्त संघ. मला त्या दिवशी उगाच एक प्रश्न पडला. ह्या चांदण्या खऱ्या निघतात का? म्हणजे मास्तरांना जे दिसलं, ते पुढे घडतं का? मी माझ्या वहीच्या मागच्या पानांवर ती निवडलेली नावं उतरवली, चांदण्यांसकट, आणि प्रत्येकापुढे रिकामी जागा सोडली. हंगामभर त्या जागेत भरायचं. कुणी किती गडी टिपले, कुणी किती पकडी केल्या. का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. भीती वाटली की माणूस काहीतरी हातात धरतो. मी वही धरली, एवढंच असेल.

पहिले दोन महिने माझ्यापुढची जागा रिकामीच राहिली, कारण मी बाकावर होतो. वहीत मला पहिली गोष्ट दिसली ती हीच. चांदण्या जास्त, त्याला मैदान जास्त. चारवाल्यांतला एक जण लागोपाठ तीन सामने काही करू शकला नाही, तरी चौथ्यात होताच. "चाराचा आहे, लागेल सूर," असं सगळे म्हणायचे. आणि लागलाही सूर. पण मला सूर लागायचा तर आधी उभं तरी राहायला हवं. बाकावर बसून घोटा धरता येत नाही.

कुळगावचा मला सरावात मात्र सोडायचा नाही. शिफ्ट सुटली की कपडे बदलता-बदलता ओरडायचा, "ए मले-तुले, चल कोपऱ्यात. आज माजा पाय धरून दाखव." तो चढाई करायचा, मी धरायचो. दहांतून आधी दोनदा धरला गेला, मग चारदा, मग कधी सहादा. सहाव्यांदा पडला की मातीतच बसून विचारायचा, "तुला कल्लं कसं रं? मी तर उजवीकडं बगत व्हतो." मी म्हणायचो, "तुमी बगत होते उजवीकडं. टाच बगत होती डावीकडं." तो स्वतःच्याच टाचेला शिवी हासडायचा. बाकीच्यांना म्हणायचा, "पाच चांदन्या दोन चांदन्यांखाली मेल्या, या बगायला!" एकदा म्हणाला, "मना पाच घेऊन काय करायचं रं? एक तू घे. मास्तरला सांग, कुळगाववाल्यानं दिली." मी हसलो, पण त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. आत्या म्हणाली, "काहून रे, भाजी गोड नाही लागत?" मी म्हणालो, भाजी चांगली आहे. आत्याच्या भाजीत कधी काही वाईट नसायचं. यादी साहेबांकडे जायचा मार्च जवळ येत होता, एवढंच वाईट होतं.

जानेवारीत आमच्या डाव्या कोपऱ्याला कावीळ झाली. मास्तरांनी बाकावर नजर फिरवली. तिथे कोपरा सांभाळू शकणारे मी आणि उल्हासनगरचा एक तीन चांदण्यांचा, असे दोघेच होतो. मास्तरांनी त्याला उठवलं. तो गुडघ्याला पट्टी बांधत होता, म्हणाला, मास्तर, एक मिनिट. पंच शिट्टी वाजवत होते. मग मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तू उभा राहा तोवर."

तोवर म्हणजे तो हंगाम संपेपर्यंत, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

तो सामना जांभूळच्या गावसंघाशी होता, उल्हासनगरातल्या एका मैदानावर, भर दुपारी तीन वाजता. कडेला कापडाच्या दुकानांतले सिंधी शेठ लोक शटर अर्धं ओढून बघायला आलेले. जांभूळचे चढाईवाले अंगानं सुकलेले, पण चपळ. पहिला आला, मला बघून हसला, माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या कोपऱ्याकडे गेला. त्याची डावी टाच हलकी झाली. मी गेलो. दोन्ही हातांनी घोटा, आणि मग जगात दुसरं काही नाही. माझ्या अंगावर आमचे तिघं येऊन पडले तेव्हा कळलं, पकड झाली. बाहेरून एक शेठ ओरडला, "अरे साईं, ये छोटा तो टांग ही नहीं छोड़ता!" पुढच्या प्रत्येक पकडीला तो तेच ओरडायचा, आणि त्याच्या शेजारचा पापडवाला थाळी वाजवायचा.

संध्याकाळी वहीत माझ्या नावापुढे पहिल्यांदा आकडा लिहिला. तीन. खरं म्हणजे चौथ्या वेळी घोटा माझ्या हातात होता, पण मधल्या दोघांनी हात गुंफून साखळी केली होती आणि कंबर त्यांनी धरली होती. ती पकड माझी की त्यांची, मला ठरवता येईना. सोडून दिली.

मार्चमध्ये मास्तरांनी बोलावलं. "साहेबांना यादी पाठवायची आहे. जुन्या यादीवरून प्रत काढ. कार्बन लावून."

स्टोअरमध्ये मी एकटा होतो. दुपारची जेवणाची सुट्टी. नावं लिहिली, गावं लिहिली, पेन्सिलीनं एकेक चांदणी काढत खाली आलो. एका रेघेत, हात न उचलता चांदणी काढायची मला तोवर सवय झाली होती. माझी ओळ आली. एक काढली. दुसरी काढली. आणि हात थांबलाच नाही, तिसरीही काढली.

मी काही ठरवून काढली, असं मला अजूनही वाटत नाही. पण चुकून काढली, असंही म्हणता येणार नाही. ती कागदावर होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. तीन चांदण्या माझ्या नावापुढे चांगल्या दिसत होत्या, काही वावगं वाटत नव्हतं. बाहेर नळावर डबे धुतल्याचा आवाज येत होता. मग मी खोडरबर घेतलं आणि ती खोडली. खाली कार्बन होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वरच्या प्रतीवर राखाडी डाग राहिला आणि खालच्या प्रतीवर तिन्ही चांदण्या निळ्या-निळ्या तशाच.

मास्तर सही करायला आले. डाव्या हातानं, सावकाश, एकेक पान बघत सही करायचे. वरच्या पानावर थांबले.

"इथे काय होतं?"

"खोडलं, मास्तर."

"काय खोडलं?"

 त्यांनी वरचं पान उचललं, खालचं बघितलं.  मला वाटलं, आता उठतील आणि मला गेटबाहेर नेऊन सोडतील.  मी म्हणालो, "चुकलं माझं. मीच काढली. मीच खोडली. मले ब्रेक मिळाला तर मी कुठं जाऊ, हेच डोक्यात होतं."

मास्तर खुर्ची ओढून बसले. रागावलेले दिसले नाहीत. मलाच उलट विचारलं, "दोन म्हणजे काय, सांग बघू."

"वाईट."

"वाईट म्हणजे एक. एक मला कळतं. पाचही कळतं, आंधळ्यालाही कळेल. दोन म्हणजे मला कळलं नाही. तीन म्हणजेही कळलं नाही, पण पोरगा तगडा दिसला." ते थोडं हसले. "तीस वर्षं बघतोय. दोन-तीनवाल्यांतून कोण काय निघेल, मला अजून कळत नाही. तुझा घोटा मी पाहिलाच नव्हता."

"तेव्हा तुमी पेन्सिलीला टोक करत होते."

"असेन."

मला एकदम धीर आला, म्हणजे आशा वाटली. म्हणालो, "मग मास्तर, आता तर पाहिलं ना? आता तिसरी द्या की."

"नाही."

ते इतकं पटकन आलं की मी दचकलो.

"चांदणी पहिल्या दिवशीची असते," मास्तर म्हणाले. "ती मी बदलत नाही. कुणाचीच नाही. आता बदलली तर दर वर्षी माझी यादी बरोबरच निघेल की रे. मग मी चुकतो कुठे, हे मला कधी कळणार?"

मला ते पटलं. हे लिहिताना मलाच नवल वाटतं. माझी नोकरी त्या एका चांदणीवर टांगलेली, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. कारण माझ्या वहीतही मी तेच केलं होतं. जुन्या चांदण्यांना हात न लावता पुढे जागा सोडली होती. पण पटून पोट भरत नाही. मी म्हणालो, "तुमाले कळंल, पण साहेबाले कसं कळंल? साहेब तर चांदणीच वाचते."

 मला वाटतं, हा प्रश्न मास्तरांना कुणी विचारलाच नव्हता. साहेब चांदण्या वाचून माणसं ठेवतात आणि काढतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण चांदणी म्हणजे चाचणीच्या दिवशीचा अंदाज, हे साहेबांना त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षांतले कोण-कोण दोनवाले असे गेले, ते बहुतेक त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावेत. दोघा-तिघांची नावं ते स्वतःशीच पुटपुटले.

मग मी वही काढून दाखवली.

त्यांनी ती पानं उलटी-सुलटी वाचली. कुळगावच्यापुढचा आकडा बघून मान हलवली. "हा बरोबर." चारवाल्यांवर, "हाही. हाही बराचसा." मग दोन आणि तीनवाल्यांवर आले. तिथे सगळी सरमिसळ होती. एक तीनवाला जवळजवळ कोरा. एक दोनवाला चारवाल्याच्या बरोबरीनं. दोघा दोनवाल्यांच्या जागा रिकाम्या, कारण ते हंगामभर बाकावरच होते. मास्तरांनी त्या रिकाम्या जागांवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसले.

"दुसरी प्रत काढ," शेवटी म्हणाले. "चांदण्यांच्या शेजारी एक रकाना पाड. वर लिही, हंगामात काय केलं. जे मैदानात उतरलेच नाहीत त्यांच्यापुढे शून्य लिहू नकोस. लिही, खेळवलं नाही."

साहेबांच्या केबिनमध्ये मास्तर गेले आणि मी दाराबाहेर उभा राहिलो. दार उघडंच होतं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना कबड्डीतलं काही कळत नव्हतं आणि म्हणूनच त्यांना चांदण्या आवडायच्या.

"मास्तर, हे काय नवीन? ह्या पोराच्या दोन चांदण्या, आणि पुढे हा एवढा आकडा. मी काय धरू?"

"चांदणी माझा अंदाज, साहेब. पुढचं आहे ते घडलेलं."

"म्हणजे तुमचा अंदाज चुकला?"

"ह्याच्या बाबतीत चुकला."

"पण रकाना भरला कुणी?"

मास्तरांनी दाराकडे मान केली. साहेबांनी मला आत घेतलं. "तूच भरलास? स्वतःच्या ओळीतला आकडाही तूच?"

 हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्याची नोकरी, त्याचंच अक्षर. मी असतो साहेबांच्या जागी, तर मीही विश्वास ठेवला नसता. मी हो म्हणालो.

मास्तर यादीवर वाकून बघत होते. म्हणाले, "साहेब, हा आकडा चुकलाय."

मला वाटलं, संपलं.

"जांभूळच्या सामन्यात ह्याच्या चार पकडी होत्या. वहीत ह्यानं तीनच धरल्यात." मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, "चौथी का नाही लिहिलीस?"

"ती माझी होती का साखळीची, ते मले कळलं नाही, मास्तर."

 साहेबांनी यादी टेबलावर ठेवली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं. जा तुम्ही."

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले, ते आत्याला विचारा. मशीनवर रबराचा पट्टा सरकायचा आणि मी टाइम ऑफिसच्या शिपायाच्या पायांकडे बघत बसायचो. तो आमच्या खात्याकडे वळतो का, ते टाचेवरून आधीच कळायचं आणि तो वळायचा नाही. सोळाव्या दिवशी वळला. चिठ्ठीत होतं, पुढे चालू. त्यानंतर वर्षाच्या आत कायम झालो. पहिली चिठ्ठी मी आत्याला वाचून दाखवली. तिनं ती देवापुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, धुरानं काळी होईल म्हणून, उचलून पत्र्याच्या पेटीत टाकली.

कुळगावच्याचंही नाव कायमसाठी गेलं होतं. त्यानंच सोडलं. पावसाच्या आधी घरच्या भातशेतीवर गेला तो परत आलाच नाही. मी एकदा सायकल काढून कुळगावला गेलो तेव्हा चिखलातूनच ओरडला, "मना बाराही महिने कुनी शिट्टी वाजवून बोलावलेलं आवडत नाय रं!" त्याच्याबद्दल मास्तरांची चांदणी पूर्ण बरोबर होती. त्याच्याइतका चढाईवाला मी त्यानंतर पाहिला नाही. फक्त तो राहील का, हे चांदणीत लिहिलेलं नव्हतं, आणि मास्तरांनी ते सांगायचा दावाही कधी केला नव्हता. माझ्या पकडीत जे बळ आलं, ते त्यानं रोज मातीत पडून दिलेलं आहे. हे मी त्याला तिथे बांधावर सांगितलं. तो म्हणाला, "जा आता, लय झालं. चाय पिऊन जा."

मग बरीच वर्षं, नव्वदचं दशक निम्मं होईपर्यंत, यादीची प्रत मीच काढायचो आणि दर वर्षी वहीत जागा सोडायचो. जे दिसलं ते मोठं काही नाही. पाचवाले आणि चारवाले बहुतेक करून खेळतात. एकवाल्यांचं आम्हाला कधी कळणारच नाही, ते घरी गेले. संघ मात्र उभा असतो मधल्यांवर, कारण ते संख्येनं जास्त. त्यांतले कोण खेळणार, हे त्यांना उभं केल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. मास्तरांनाही नाही, मलाही नाही.

पण मला सांगायचं आहे ते चिठ्ठी मिळाली त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरच्या चाचणीबद्दल. मास्तरांनी तिच्यात दोन बदल केले. तीन चढायांनंतर प्रत्येकानं बचावातही उभं राहायचं. आणि चढाया करायच्या त्या डाव्या कोपऱ्यात मी असताना. "ह्याच्या समोरून जाऊन या," मास्तर पोरांना सांगायचे, "मग बघू." पेन्सिलींना त्यांनी आदल्या दिवशीच टोकं करून आणली होती, चार-चार.

वांगणीकडचा एक पोरगा आला. अंगापिंडानं भरलेला, डोळ्यांत भीती नाही. पायाला माती चोळता-चोळता त्यानं मला विचारलं, "दादा, तुम्हाला किती मिळाल्या होत्या?"

"दोन."

तो हसला. त्याला वाटलं, मी त्याची चेष्टा करतोय. मागे वळून मित्राला म्हणाला, "बघ, दादा कसे फेकतात." खुर्चीवरून मास्तरांचा आवाज आला, "खोटं नाही रे बोलत तो. कागद आहे माझ्याकडे."

पोराचं हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यानं एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग श्वास भरून घेतला आणि रेषा ओलांडून आत आला. तोंड त्याचं उजवीकडे होतं. मी त्याच्या टाचेकडे बघत उभा होतो.